चारचौघांचा दाखला

डायनिंग टेबलावर कागदांचे चार ढीग लावलेत. प्रत्येकावर एक पिवळी चिठ्ठी: 'पैसा', 'घर', 'लोक', 'पुढचं'. अक्षर स्नेहलचं, गोल आणि टपोरं. पैशाचा ढीग वीतभर उंच आहे, घराचा त्याच्या निम्मा. 'पुढचं' या चिठ्ठीखाली मोजून दोन कागद. 'लोक'खाली एकच फॉर्म पडलाय. तो मी भरायचा आहे, आणि अजून कोरा आहे.

"काकू, चहा टाकते हां," स्नेहल ओट्यापाशी उभी राहून सांगते आणि आलं किसायला लागते.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट नावाचं उपनगर आहे. निम्मी वस्ती आपल्याच देशातली वाटावी असं. तिथे माझ्या शेजारच्या घरात मी बसलेय. जुलैचा रविवार, दुपार असूनही बाहेर झाकोळलेलं, वारा हाडांत शिरणारा. स्नेहल सांगलीची. फूड टेक्नॉलॉजी शिकायला इथे आली आणि आता बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटी बघते. जोएल मल्याळी ख्रिश्चन, शाळकरी वयात आईवडिलांबरोबर इथे आलेला, आता ऑस्ट्रेलियाचा नागरिक, हायस्कुलात गणित शिकवतो. (नावं दोन्ही मी बदलली आहेत.) लग्न झालेलं नाही. एकत्र राहतात त्याला वर्ष उलटून गेलंय. शिक्षणानंतर मिळतो तो स्नेहलचा 485 नंबरचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. तो संपायच्या आत पार्टनर व्हिसाचा अर्ज गेला पाहिजे, म्हणून आजची बैठक.

ऑस्ट्रेलियात हा व्हिसा नवराबायकोला मिळतो तसा लग्न न करता संसार मांडलेल्यांनाही मिळतो. त्यांना इथे 'डी फॅक्टो' म्हणतात. देशात राहूनच अर्ज करायचा असेल तर 820 आणि 801 असे दोन व्हिसा एका अर्जात मागायचे: आधी तात्पुरता, पुढे कायमचा. लग्न झालेलं नसेल तर अर्जाच्या आधी बारा महिने हे नातं चालू असलं पाहिजे, ही मुख्य अट. आणि नातं खरं आहे, चालू आहे, दुसऱ्या कुणाला त्यात जागा नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे. ते कसं बघायचं, याच्या चार बाबी 1994 सालच्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये लिहून ठेवल्यात. टेबलावरचे चार ढीग म्हणजे त्याच चार बाबी, स्नेहलच्या मराठीत.

जोएल लॅपटॉपवर स्टेटमेंटं चाळतोय. जॉइंट खातं त्यांनी गेल्या वर्षी उघडलं. पगारातून दोघंही दर पंधरवड्याला त्यात पैसे टाकतात, त्यातून भाडं जातं. मी चष्मा लावून दोन पानं बघते. भाडं, पेट्रोल, किराणा, किराणा, केमिस्ट, मायकी कार्डाचा टॉपअप, इंडियन स्टोअर, पुन्हा किराणा. लग्नाच्या रजिस्टरात दोन सह्या असतात आणि काम भागतं. इथे दहीदुधाचा हिशेब सरकारला द्यायचा.

"सुपरचं नॉमिनेशन हे घे," जोएल एक कागद सरकवतो. सुपर म्हणजे सुपरॲन्युएशन, आपल्या प्रॉव्हिडंट फंडाचा इथला भाऊ. त्याला काही झालं तर पैसे स्नेहलला, असं त्याने लिहून दिलंय. कागदावर तारीख गेल्या सप्टेंबरची आहे. हा कागद उत्तम. अर्ज करायच्या आठवड्यात घाईघाईने केलेला वाटत नाही.

मग कर. जुलै म्हणजे इथे टॅक्स रिटर्नचे दिवस, जूनअखेर वर्ष संपतं. स्नेहल मागच्या वर्षीचं रिटर्न उघडते आणि थबकते. त्यात एक साधा प्रश्न असतो: वर्षभरात तुम्हाला स्पाउज होता किंवा होती का? इथल्या कर खात्याच्या लेखी स्पाउजमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणारा जोडीदारही येतो. तिने उत्तर दिलंय: नाही.

"मला वाटलं, लग्न झालेल्यांसाठी असेल," ती म्हणते.

जोएलचं रिटर्न उघडलं जातं. त्यातही 'नाही'. दोघं मार्चपासून एकत्र राहत होते आणि रिटर्न जुलैत भरलं. म्हणजे एका खात्याला सांगायचं की आम्ही मार्चपासून जोडपं आहोत, आणि दुसऱ्या खात्याला आधीच सांगून बसलोय की छे, कोणी नाही. हे फार जणांचं होतं. घाबरायचं कारण नाही, रिटर्न दुरुस्त करता येतं. पण अर्जात त्याचा उल्लेख आपणहून केलेला बरा. जोएल वहीत लिहून घेतो. गणिताचा मास्तर असल्यामुळे असेल, दोन आकडे जुळले नाहीत की त्याचा चेहरा उतरतो.

घराचा ढीग सोपा असायला हवा होता. दोघं एका छपराखाली राहतात, मी रोज बघते. पण वीजबिल जोएलच्या नावावर. पाण्याचं त्याच्या नावावर. इंटरनेट त्याच्या नावावर. भाडेकरारात दोघांची नावं आहेत, तेवढा तो एकच भक्कम कागद. आणि स्नेहलच्या नावाने जे जे येतं ते येतं फुटस्क्रेला, तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर.

"का गं?"

"पप्पांना तोच पत्ता माहिती आहे ना," ती खाली बघत म्हणते. "बँकेचा, लायसनचा, सगळीकडे तोच ठेवला होता. चुकून फोटो काढून पाठवावा लागला तर."

ती कपाटातून एक खोकं आणते. सांगलीहून आलेलं पार्सल, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी संपून गेलेली. वरचा पत्ता निळ्या शाईत, वडलांच्या हातचा. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली माणसं लिहितात तसा, सरळ रेषेत, पिनकोडाखाली दोन रेघा मारून. पत्ता फुटस्क्रेचा. मैत्रिणीकडे पार्सल पोचलं की जोएल शनिवारी गाडी काढून ते आणायला जायचा. तो स्वतः आणत असलेल्या पार्सलवर स्वतःचं नाव नसणं, यात त्याला मजाच वाटायची, तो सांगतो. आज त्याला तेवढी वाटत नाहीये.

खरी अडचण तिसऱ्या ढिगात आहे. सामाजिक बाजू म्हणून जे नियमात लिहिलंय ते मी जोएलच्या पडद्यावर पुन्हा वाचते. मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं साताऱ्याच्या कोर्टात वकिली केलीय, कायद्याचं कलम दिसलं की बोट ठेवून वाचायची खोड गेलेली नाही. तीन गोष्टी बघायच्या असं म्हटलंय. हे दोघं लोकांसमोर आपण जोडपं आहोत असं सांगतात का. मित्रांचं आणि ओळखीच्या लोकांचं या नात्याबद्दल काय मत आहे. आणि दोघं मिळून कुठे जातात-येतात का.

म्हणजे 'लोक काय म्हणतील' हे इथे नियमातच आहे. सांगलीत जे होऊ नये म्हणून या मुलीने वर्षभर आटापिटा केला, नेमकं तेच झाल्याचा पुरावा कॅनबेराला हवाय.

लग्न का करत नाहीत, असं वाचणाऱ्याच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. स्नेहलची धाकटी बहीण अमृता पुण्यात नोकरी करते आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मोठीने मल्याळी ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं हे बाहेर पडलं तर धाकटीचं जमायचं कठीण, असं घरच्यांचं गणित. म्हणून आईने शब्द घेतलाय: अमूचं होईपर्यंत थांब. शब्द आईने घेतला, वडलांना 'काही माहीत नाही', असा घरातला करार. स्नेहलने शब्द पाळला. पण व्हिसाची तारीख अमृताच्या स्थळांसाठी थांबत नाही.

ती फोनमध्ये मला एक पीडीएफ दाखवते. अमृताचा बायोडाटा. वर गणपती, मग जन्मवेळ, गोत्र, उंची, अपेक्षा, आणि खाली कौटुंबिक माहितीत एक ओळ: 'मोठी बहीण: एम.एस., मेलबर्न येथे नोकरी, अविवाहित.' फोनच्या बाजूला लॅपटॉपवर व्हिसाचा अर्ज उघडा आहे. त्यात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'डी फॅक्टो' निवडलेलं. एकाच मुलीबद्दलचे दोन कागद, आणि खरं म्हणजे दोन्हीतलं एकही खोटं नाही.

व्हिक्टोरिया राज्यात लग्न न करताही नातं सरकारदरबारी नोंदवता येतं, 2008 सालचा रिलेशनशिप्स ॲक्ट आहे तसा. अशी नोंद असली की व्हिसासाठी बारा महिन्यांची अट राहत नाही, बाकीचे पुरावे मात्र द्यावेच लागतात. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा स्नेहलचा पहिला प्रश्न होता, "त्याची नोटीस कुठे लागते का?" तिच्या डोक्यात आपला 1954 चा स्पेशल मॅरेज ॲक्ट. तीस दिवसांची नोटीस, ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत फळ्यावर, आणि फळा वाचणारा कुणीतरी ओळखीचा निघणारच. इथे तसं काही नाही. पण वर्ष भरत आलंच होतं, तेव्हा तिने तो रस्ता सोडून दिला.

"फोटो बघू," मी म्हणते.

फोटो खूप आहेत. ग्रेट ओशन रोड, डँडेनाँगचे डोंगर, जोएलच्या आईवडिलांकडचा नाताळ, मंडळाचा गणपती. जोएलच्या घरच्यांना सगळं माहीत आहे, त्याच्या आईने स्वतः मोठं पत्र लिहून दिलंय, चर्चच्या लोकांसमोर स्नेहलची ओळख कशी करून दिली ते सुद्धा. घरी पाठवलेले फोटो मात्र वेगळे. दिवाळीच्या एका फोटोत स्नेहल आमच्या अंगणात पणत्यांपाशी बसलीय, अंजिरी साडीत, एकटी. नीट पाहिलं की तिच्या डाव्या खांद्यावर चार बोटं दिसतात. बाकीचा जोएल कापलेला.

"हाच सांगलीच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय," ती सांगते. हसू येतंय की रडू हे तिलाच ठरवता येत नाहीये.

"दोन्ही टाकू," जोएल म्हणतो. "पूर्ण आणि कापलेला. तारीख एकच आहे. आणि का कापला ते लिहू."

मला हे पटतं. नातं लपवलं होतं हे लपवायला गेलं की माणूस अडकतो. अर्जासोबत दोघांनी आपापलं निवेदन द्यायचं असतं: कसे भेटलो, कधी एकत्र राहायला लागलो, घरखर्च कसा, पुढे काय. त्यात स्नेहलने सरळ लिहावं की माझ्या आईवडिलांना उघडपणे सांगितलेलं नाही, आणि त्याचं कारण असं असं आहे. अर्ज बघणारे अधिकारी हे पहिल्यांदा वाचत नसतील. आपल्याकडचे, श्रीलंकेचे, लेबनॉनचे, व्हिएतनामचे, किती देशांचे अर्ज त्यांच्यापुढे येतात, आणि आईबापांपासून काही लपवणं ही काही सांगलीची मक्तेदारी नाही.

जोएल प्रिंटरसाठी कागद आणायला गाडी काढतो. तो गेल्यावर मी स्नेहलला एक गोष्ट सांगते, जी त्याच्यासमोर सांगायला मला संकोच वाटला असता. उद्या काही बिनसलं, मारहाण झाली आणि त्यापायी नातं तुटलं, तर केवळ व्हिसासाठी सहन करत राहायचं कारण नाही. अशा वेळी अर्जदाराला कायमच्या व्हिसाचा रस्ता उघडा राहावा अशी तरतूद इथल्या नियमांत आहे. जोएल तसा नाही, हे मला माहीत आहे. पण हे मी ओळखीतल्या प्रत्येक मुलीला सांगते, लग्न झालेल्या आणि न झालेल्या, कारण ज्यांना ते माहीत नव्हतं अशा बायका मी पाहिल्यात.

ती मान डोलावते. काही बोलत नाही. कप विसळून ठेवते.

आता माझा फॉर्म. नंबर 888. जोडप्याला ओळखणाऱ्या, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व किंवा कायम रहिवास असलेल्या प्रौढ माणसाने तो भरायचा. असे निदान दोन लागतात. दुसरा जोएलच्या शाळेतले एक सहकारी देणार आहेत. तुम्ही यांना कसे ओळखता, किती वेळा भेटता, नातं खरं आहे असं तुम्हाला वाटतं का, आणि वाटतं तर का. शेवटच्या 'का'साठी बरीच मोकळी जागा आहे आणि सगळी मेख तिथेच. लोक तिथे लग्नपत्रिकेसारखी भाषा लिहितात. एकमेकांसाठी बनलेले, परस्परांवर नितांत प्रेम, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. अशा मजकुराचा काय उपयोग? कोर्टात मी साक्षीदाराला एवढंच सांगायची: तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या, काय पाहिलं ते सांगा.

मी काय पाहिलंय? कचऱ्याचे डबे रात्री रस्त्यावर नेऊन ठेवायचं काम जोएलचं, सकाळी परत आणायचं स्नेहलचं. तिची सकाळची पाळी असली की हा तिला स्टेशनवर सोडतो, रेल्वेच्या वेळेआधी दहा मिनिटं, कारण तिला धावायला आवडत नाही. मला फ्लू झाला होता तेव्हा दोघांनी आलटून पालटून मऊभात आणून दिला. जोएलचा भात जास्त चांगला होता. नियमात घरकामाच्या वाटणीचाही उल्लेख आहे, तेव्हा डबे आणि भात दोन्ही लिहिण्यासारखे.

"एक भांडण लिहू का?" मी विचारते.

दोघं एकमेकांकडे बघतात. जोएल नुकताच कागदाचं रीम घेऊन आत आलाय.

"कुठलं?" तो सावधपणे विचारतो. म्हणजे बरीच असावीत.

हीटरचं. गेल्या थंडीतली रात्र. स्नेहलला चोवीस हवं, जोएलला अठराच्या वर नको, बिल येतं. आवाज आमच्या कुंपणापर्यंत. स्नेहल तणतणत बाहेर आली आणि पायात काहीही न घालता व्हरांड्यात बसली. पाच मिनिटांनी हा बाहेर आला, एक शब्द न बोलता तिच्या पायांपाशी लोकरी मोजे ठेवले आणि आत गेला. तिने मोजे घातले आणि तरीही पंधरा मिनिटं बाहेरच बसून राहिली. मी खिडकीतून पाहत होते. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

"लिहा," स्नेहल म्हणते. "आणि शेवटी एकवीसवर तडजोड झाली, तेही लिहा."

मी ते लिहिते. तारीख आठवत नाही म्हणून 'जूनमध्ये' एवढंच. खोटं डी फॅक्टो नातं दाखवणं हा इथे गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन अशी नाती जुळवून देणारे लोकही असतात, हे मी जाणून आहे. सरकारने डोळे उघडे ठेवावेत, त्यात माझी तक्रार नाही. तरी सांगते, हे सगळं मला पूर्णपणे आवडत नाही. अर्ज नाकारला गेला तर पुढे दाद मागायची ती ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे, आणि तिथे दोघांना वेगवेगळं बसवून घरातल्या बारीकसारीक गोष्टी विचारल्या जाऊ शकतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या ह्यांना माझा आवडता रंग विचारला तर ट्रायब्युनलपुढे आम्ही नक्की नापास होऊ. पण आम्हाला कोण विचारणार? आमच्याकडे सर्टिफिकेट आहे. खरं तर नियम लग्न झालेल्यांनाही याच चार बाबी लावतो, पण त्यांच्या 'लोक' ढिगात हॉलभर पाहुण्यांचा अल्बम असतो.

आपल्याकडे तरी निराळं काय आहे? 2013 साली इंद्रा सरमा खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने लग्नासारखं नातं ओळखायच्या खुणा सांगितल्या. नातं किती काळ टिकलं, घर एक होतं का, पैसे एकत्र होते का, घरकाम कसं चालायचं, लोकांत जोडपं म्हणून वावर होता का, हेतू काय होता. या चार ढिगांशी बऱ्यापैकी जुळणारी यादी. फरक एवढाच की तिथे ती कौटुंबिक हिंसाचारापासून बाईला संरक्षण मिळायचं की नाही हे ठरवायला आहे. आणि उत्तराखंडात तर 27 जानेवारी 2025 पासून लिव्ह-इनची नोंदणीच सक्तीची झाली. इथे ज्याला हवं त्याने नोंदवावं, तिथे न नोंदवणाऱ्याला शिक्षा. यातलं कुठलं सरकार जास्त डोकावतं, हे वाचकाने ठरवावं.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. अमेरिकेत लग्न न झालेल्या जोडीदारासाठी असा व्हिसाच नाही. वाग्दत्त म्हणून के-1 वर यायचं आणि नव्वद दिवसांत लग्न करायचं. कॅनडा वर्षभर सलग एकत्र राहिलेल्यांना मानतो. ब्रिटनमध्ये दोन वर्षं लागतात, पण जानेवारी 2024 अखेरपासून ती दोन्ही वर्षं एका घरात काढली पाहिजेत असं नाही. स्नेहलची एक मैत्रीण लीड्सला आहे, तेवढ्यासाठी तिचा हेवा वाटतो असं स्नेहलने तिला बोलूनही दाखवलंय.

साडेचार वाजतात. सांगलीत दुपारचे बारा. वडील या वेळी कट्ट्यावर असतात, म्हणून आईला फोन लावायची हीच वेळ.

आधी अमृता लाइनवर येते, पुण्याहून. तिला पत्र लिहायला सांगितलं होतं. तिने ते कालच मेल केलंय, सोबत आधार कार्डाची प्रत. "आणि ताई," ती म्हणते, "माझं जमेपर्यंत, माझं जमेपर्यंत, हे काय लावलंय? मला विचारलंय का कुणी? मला दोन वर्षं तरी करायचं नाहीये. ते पण लिहू का पत्रात?"

"ते नको," स्नेहल आणि मी एकदम म्हणतो.

मग आई. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसतो, मग कपाळ, मग चेहरा. मला बघून पदर सावरते. "तुम्ही आहात होय तिथं? बरं झालं बाई."

स्नेहल सांगते काय हवंय ते. एक साधं पत्र. मला माहीत आहे की माझी मुलगी जोएलबरोबर राहते. बास, एवढंच.

आई बराच वेळ काही बोलत नाही. मागे कुकरची शिट्टी होते. "कुठं जातं गं ते पत्र?"

"इथल्या सरकारकडे. दुसरं कुणी बघत नाही."

"आणि ह्यांना दाखवतील?"

"नाही गं आई."

"तरी नको. हाताने लिहून नको. उद्या कुणी पुढं धरलं तर मी काय म्हणू? मी लिहिलंय की." मग जरा थांबून, "त्याचा खोकला कमी झाला का?"

जोएल, जो कॅमेऱ्याच्या बाहेर सरकून बसलाय, सवयीने, तिथूनच म्हणतो, "झाला, आई."

"आवाज अजून बसलाय. ओवा भाजून दे म्हटलं होतं, दिलास का?"

स्नेहल माझ्याकडे बघते. मी तिच्या फोनकडे बघते. दोघींच्या डोक्यात एकदमच येतं. फोन झाल्यावर ती आईबरोबरचं व्हॉट्सॲप उघडून वर वर सरकत जाते. वर्षभराचे निरोप. 'त्याला तिखट कमी लागतं का विचार.' 'दोघांनी फ्लूचं इंजेक्शन घ्या.' 'पार्सलमध्ये मोठ्या मापाचे बनियन आहेत, ते तुझे नाहीत.' 'भांडू नका, परका मुलूख आहे.' तारखांसकट, वेळेसकट. जिने पत्र लिहायला नकार दिला तिनेच वर्षभर रोज लिहून दिलंय.

"पण तिला न विचारता?" जोएल म्हणतो. बरोबर आहे त्याचं. स्नेहल पुन्हा फोन लावते, उभ्या उभ्याच विचारते. पलीकडून उत्तर लगेच येतं.

"तुला काय पाठवायचं ते पाठव. माझी सही मागू नकोस."

निरोप मराठीत आहेत, त्यामुळे इथल्या नाटी संस्थेच्या प्रमाणित अनुवादकाकडून इंग्रजी करून घ्यावे लागतील. पानामागे पैसे. स्नेहल वीस स्क्रीनशॉट निवडते, बनियनचा आधी. मी माझा फॉर्म पुन्हा एकदा वाचून सही करते आणि 'लोक' या चिठ्ठीखाली ठेवते. त्याच्यावर अमृताचं पत्र, जोएलच्या आईचं पत्र, चार बोटांचा फोटो आणि पूर्ण फोटो, गणपतीतले फोटो. ढीग आता घराच्या ढिगाएवढा झालाय.

पुढचं सगळं भराभर होतं. पोलिस क्लिअरन्स भारताचा आणि इथला, वैद्यकीय तपासणी, हे नंतर जोडलं तरी चालतं. जोएलला प्रायोजक म्हणून स्वतंत्र अर्ज भरायचाय, आणि असं प्रायोजक आयुष्यात दोनदाच होता येतं. "म्हणजे निम्मा कोटा माझ्यावर उडवलास," स्नेहल म्हणते. फी 9 हजार डॉलरांच्या वर आहे, रुपयांत पाच लाखांच्या पुढे, आणि नकार आला म्हणून परत मिळत नाही. ती जॉइंट खात्यातूनच भरायची, हेही पुरावाच. अनुवाद आले की याच आठवड्यात अर्ज जाईल. तो गेला की ब्रिजिंग व्हिसा मिळेल आणि 485 संपल्यावर त्यावर स्नेहलला इथे राहता येईल. अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षांनी कायमच्या व्हिसासाठी कागद पुन्हा मागतील, तेव्हा पुन्हा हेच चार ढीग. बँक, लायसन आणि वीजबिल, तिन्हींचे पत्ते आणि नावं उद्या सकाळी बदलायची, असं जोएल वहीत लिहितो.

तुमची मुलगी, भाची, पुतणी परदेशात अशी कुणाबरोबर राहत असेल आणि तुम्हाला ते मनातून ठाऊक असेल, तर समारंभ वगैरे राहू द्या. पुढचं पार्सल पाठवाल तेव्हा ती जिथे खरी राहते तो पत्ता घाला आणि वर दोघांची नावं लिहा. पोस्टाची पावती जपून ठेवा. ती लागते.